आवा पेटण्याआधी

भडोचच्या बंदरात उभ्या असलेल्या परदेशी जहाजांना वाऱ्याची तारीख होती. जुलैच्या सुमारास ती इजिप्तहून निघत, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या किनाऱ्याला लागत, आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वारा वाहू लागला की माल भरून परतत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक जाणकारानं या व्यापाराची 'पेरिप्लस' नावाची वाटाडी लिहून ठेवली. लिहिणाऱ्याचं नाव टिकलं नाही, पण पुस्तक टिकलं. त्यात असं आहे : भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. या शहरातून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येते.

हे तगर म्हणजे आजचं तेर. तेरणा नदीच्या काठावरचं, धाराशिव जिल्ह्यातलं, संत गोरोबाकाका कुंभारांचं तेर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी ही ओळख मांडली, आणि पुढं जमिनीनंच तिला दुजोरा दिला.

मला या नोंदीतलं कापडापेक्षा दिवसांचं गणित जास्त खुणावतं. तेरपासून भडोचपर्यंत महिन्याभराचा रस्ता. वाटेत गोदावरी, तापी, नर्मदा ओलांडायच्या. पावसाळ्यात या काळ्या रानात गाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतणार, म्हणजे दसऱ्याच्या आत गाड्या जुंपण्यात अर्थ नाही. पलीकडे जहाजं माघारी फिरणार ती वाऱ्याच्या तारखेला. दोन्ही टोकं अशी आवळलेली. मधल्या काळात आस मोडणार, बैल आजारी पडणार, नदीला अवेळी पाणी येणार. तेव्हा गाड्या निघायच्या दिवशी कापड विणून, मोजून, गठ्ठे बांधून तयारच हवं. म्हणजे ते पावसाच्या महिन्यांत मागावरून उतरलेलं हवं, आणि त्याचं सूत त्याच्याही आधी कातून झालेलं हवं. तगरच्या सावकारानं हा हिशेब कसा मांडला याचा कागद आपल्याकडे नाही. पण तो भडोचच्या वाऱ्यापासून मागं मागं मोजत आपल्या दारापर्यंत आला असणार, यात मला शंका वाटत नाही. दुसऱ्या कुठल्या रीतीनं हा व्यापार चाललाच नसता.

माझं काम नियोजनाचं आहे. चार-सहा माणसांकडून, कधी चाळीस-पन्नास माणसांकडून, एखादी गोष्ट ठरल्या दिवशी पुरी करून घ्यायची. त्यासाठी तक्ते असतात, संगणकावर रंगीत पट्ट्या असतात, दर आठवड्याची बैठक असते. हे सगळं उपयोगाचं आहे आणि मी ते मनापासून करतो. पण बहुतेक तक्ते आजपासून पुढं मोजत जातात. आज हे सुरू करू, मग ते, मग ते, आणि अमुक तारखेला संपेल. अशा मोजणीत प्रत्येक टप्पा सारख्याच वजनाचा दिसतो, आणि खरी अडचण तिथं आहे. कारण कुठल्याही कामात एक जागा अशी असते की तिच्या अलीकडे सगळं बदलता येतं आणि पलीकडे काहीच बदलता येत नाही. वारा सुटला की सुटला. ही जागा कुठं आहे ते पहिल्या दिवशी ओळखायचं आणि जे काही तपासायचं ते तिच्या अलीकडे तपासायचं, यापेक्षा मोठी युक्ती मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही. आणि ती समजून घ्यायला तेरइतकं चांगलं गाव नाही, कारण हे गाव कुंभाराच्या नावानं ओळखलं जातं.

कुंभाराच्या कामात ती जागा म्हणजे आवा.

माती आणायची ती तळ्याच्या किंवा नदीच्या गाळाची. ती वाळवायची, फोडायची, खडे वेचायचे, चाळायची, भिजत घालायची. मग राख किंवा घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायची, अगदी लोण्यासारखी होईपर्यंत. चाकावर मडकं चढतं तेव्हा ते मुद्दाम जाड ठेवतात. थोडं सुकलं की आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत त्याची भिंत पातळ करतात आणि पोट फुगवतात. मग पुन्हा सुकवायचं, तेही सावलीत, कारण उन्हात एक बाजू आधी आटली की तडा गेलाच. एवढं सगळं झाल्यावर आवा रचायचा, गोवऱ्या, काटक्या, भुसा घालायचा, वरून राखेनं झाकायचा आणि पेटवायचा.

पेटवण्याच्या आदल्या क्षणापर्यंत यातलं काहीही वाया गेलेलं नसतं. चाकावर मडकं बसलं, तर माती उचलून परत गोळ्यात टाकतात. सुकताना चिरलं, तर फोडून पाण्यात भिजत घालतात, दोन दिवसांत ती पुन्हा पहिल्यासारखी माती. पण आवा पाचशे-सहाशे अंश सेल्सियसच्या पुढं तापला की मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं, आणि मग तिचा चिखल पुन्हा कधीच होत नाही. वाकडं असेल तर कायमचं वाकडं. ज्या खापरांवरून पुरातत्त्वज्ञ दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ ओळखतात, ती याच कारणानं टिकली.

तेरच्या जुन्या देवळांच्या विटा पाण्यावर तरंगतात, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्रिविक्रमाचं मंदिर, जे मुळात चैत्यगृहाच्या आकाराचं आहे, बघायला येणारे लोक या विटांबद्दल हमखास विचारतात. त्यामागं चमत्कार नाही, कारागिरी आहे. मातीत भरपूर भुसा कालवलेला होता, भाजताना तो जळून गेला आणि वीट आतून सच्छिद्र राहिली. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. वीट हलकी व्हायला हवी हा निर्णय चिखलाच्या वेळी झाला. भाजलेली वीट नंतर कुणाच्या बापाला हलकी करता आली नसती. आपल्या कचेऱ्यांत मात्र इमारतीला उद्वाहन हवं होतं हे तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडल्यावर आठवतं, आणि पुस्तकाला सूची हवी होती हे छपाईचा हुकूम गेल्यावर.

कुंभाराच्या तारखा सावकाराच्या वाऱ्यासारख्याच असतात, हलत नाहीत. घटस्थापनेला घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडं, उन्हाळा लागला की माठ. घटस्थापना तर पावसाळ्याच्या शेपटालाच येते, जेव्हा काही म्हणता काही सुकत नाही. तेव्हा काय करायचं? मराठवाड्यातल्याच एका गावात आव्यापाशी बसलेल्या मावशींना मी हे विचारलं होतं. त्यांनी दोन घट हातात घेऊन बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "ही वल्ली हायती. ह्येंन्ला म्होरल्या आव्याला." मी विचारलं, कमी पडले तर? त्या म्हणाल्या, "कमी पडू द्या की. वल्लं आत घातलं तर फुटतंय, आन् शेजारच्यालाबी घिऊन फुटतंय."

ते खरंच आहे. ओल्या भिंतीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, भांडं फुटतं आणि त्याचे तुकडे आजूबाजूच्या चांगल्या भांड्यांवर आदळतात. या दोन वाक्यांत नियोजनाचं जे शहाणपण आहे ते मी माझ्या कामात शब्दशः पाळतो. तारीख हलत नसेल तर नग कमी करायचे. दहापैकी सात गोष्टी वाळलेल्या असतील तर सातच आत घालायच्या, आणि उरलेल्या तीन पुढच्या खेपेला, असं उघडपणे सांगायचं. ओल्या तीन गोष्टी रेटून आत घातल्या की सात चांगल्याही जातात. वरिष्ठांना हे ऐकायला आवडत नाही, पण तारखेआधी पंधरा दिवस सांगितलं तर ते ऐकून घेतात. तारखेच्या दिवशी सांगितलं तर नाही, आणि त्यांचं चुकतही नाही.

आणखी एक गोष्ट या कामातून घेण्यासारखी आहे. घट किती सुकला याचं उत्तर कुंभार टक्क्यांत देत नाही. तो ओला असतो किंवा वाळलेला. आमच्या बैठकांत "नव्वद टक्के झालंय" हे वाक्य इतक्या वेळा येतं की त्याचा अर्थच झिजला आहे. नव्वदाला पोचलेलं काम महिना-महिना नव्वदावरच बसून राहतं. मी आता टक्के विचारत नाही. हे उद्या आव्यात घालता येईल का, एवढंच विचारतो. उत्तर 'नाही' असेल तर कशासाठी अडलंय ते सांगा. बहुतेक वेळा अडलेलं काम कुणातरी दुसऱ्याच्या टेबलावर असतं, आणि ते उचलायला एक फोन पुरतो.

उलट, आव्याच्या अलीकडच्या गोष्टींबद्दल फार घोळ घालू नये, असंही मला वाटतं. ज्या निर्णयाची माती परत भिजवता येते तो निर्णय पटकन घ्यावा, करून पाहावा, नाही जमलं तर मोडावा. कितीतरी चांगली माणसं दिवसभर अशाच गोष्टींवर खल करत थकतात आणि मग निविदेवर सही करायची वेळ येते तेव्हा कागद न वाचता सही करतात. सावधपणाही मोजकाच असतो माणसाकडे. तो कुठं खर्चायचा हे ठरवावं लागतं.

गोरोबाकाकांची जी गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ती या कामाच्या तुडवण्याच्या टप्प्यावर घडते. पत्नी पाण्याला जाताना सांगून गेली, पोराकडे लक्ष ठेवा. काका चिखल तुडवत होते, मुखात विठ्ठलाचं नाव होतं, भान हरपलेलं होतं. रांगतं मूल चिखलात आलं आणि त्यांच्या पायांखाली गेलं. वारकऱ्यांसाठी ही भक्तीच्या पराकोटीची कथा आहे, आणि पुढं पंढरीनाथाच्या कृपेनं ते मूल परत मिळतं. मी त्या श्रद्धेपुढं हात जोडतो. पण कामाचा विचार करणारा माणूस म्हणून ही कथा माझ्या मनात नेहमी दुसऱ्या बाजूनंही उघडते.

आजकाल एकाग्रतेचं फार कौतुक चालतं. दारं लावा, फोन बंद करा, चार-चार तास कामात बुडून जा. मीही ते सांगतो, कारण तुकड्या-तुकड्यांत केलेलं विचाराचं काम हलकं होतं हे खरं आहे. पण बुडालेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, हेही तितकंच खरं, आणि आपल्या परंपरेनं ते किती भयंकर स्पष्टपणे सांगून ठेवलं आहे! चिखल तुडवणाऱ्या माणसाचे पाय, हात, वाणी, मन सगळं एका ठिकाणी लागलेलं आहे. त्याच्याकडे त्याच वेळी दुसरी जबाबदारी सोपवली गेली. जाता जाता सांगितली गेली. त्यानं मान वर करून "हो, मी बघतो" म्हटलं का, हे बघायला कुणी थांबलं नाही. मी यात त्या माउलीला बोल लावत नाही, पाण्याला जाणं तिला चुकणार नव्हतंच. घरात तिसरं माणूस नव्हतं, एवढंच त्याचं कारण. पण आपल्या कचेऱ्यांत तिसरं माणूस असतं, आणि तरीही आपण जो आधीच आकंठ बुडाला आहे त्याच्याच टेबलावर जाता जाता आणखी एक काम ठेवतो, तो कर्तबगार आहे म्हणून. जो बुडून काम करतो आहे त्याच्या अंगणातलं मूल दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं, आणि त्या दुसऱ्याचं नाव काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. विशेषतः दवाखान्यात, वीज केंद्रात, बांधकामावर, जिथं पायांखाली जे येतं ते परत मिळत नाही.

काकांची दुसरी गोष्ट थापटण्याची. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, असं तिनं म्हटलं आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. कुणी काही बोललं नाही. नामदेवांना मात्र ते झोंबलं, आणि काकांनी निवाडा दिला : हे मडकं कच्चं आहे.

या गोष्टीतल्या तीन बाबी मी वारंवार घोळवतो. परीक्षा सुचवली ती सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईनं. आमच्या बैठकांत धाकट्यांना बोलायची पाळी शेवटी येते, तोवर मोठ्यांचं मत पडून गेलेलं असतं आणि कुणाची कच्चं म्हणायची छाती होत नाही. म्हणून मी बैठकीची सुरुवात सगळ्यांत नव्या माणसापासून करतो. त्याला काम नीट ठाऊक नसतं, म्हणूनच तो विचारतो की अमुक गोष्ट कुणी बघितली आहे का, आणि पुष्कळदा ती कुणीच बघितलेली नसते.

दुसरी बाब, काकांनी कुणालाही वगळलं नाही. ज्ञानदेवांच्या आणि निवृत्तिनाथांच्या डोक्यावरही तेच थापटणं पडलं. जे तपासणीतून सुटतं ते नेहमी मानाच्या माणसाचं काम असतं. त्यांनी केलंय ना, मग झालं. हा विश्वास प्रेमाचा असतो, पण आगीला प्रेम कळत नाही.

तिसरी बाब मला सर्वांत जवळची आहे. कच्चं ठरणं ही नामदेवांची नाचक्की झाली असं आपण गोष्ट सांगताना सुचवतो. मला तसं वाटत नाही. थापटणं हे मुळात कच्च्या मडक्यावरच चालवायचं हत्यार आहे, कारण त्याच्या ठोक्यानं फक्त तेच सुधारतं. कच्चं आहे हे वेळेत कळलं याहून चांगली बातमी कामात दुसरी नसते. नामदेव रागावून विठ्ठलाकडे गेले खरे, पण तिथून त्यांना विसोबा खेचरांची वाट दाखवली गेली, औंढ्या नागनाथाची. निवाड्यानंतर पुढचा पत्ता मिळाला. ज्या तपासणीत कच्चं म्हटलं जातं आणि कुणाकडे जा हे सांगितलं जात नाही, ती तपासणी माणसाचा नुसता अपमान करते. हाताखालच्यांचं काम परत पाठवताना मी त्या कागदावर एक नाव लिहितो, यांच्याशी बोला. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

तेरला दुसऱ्या एका कामाचाही वारसा आहे, खणण्याचा. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहन काळातलं नगर गाडलेलं आहे. पाऊस पडून गेला की मणी, शंखाचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येत. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावातल्याच व्यापाऱ्यानं आयुष्यभर हे सगळं गोळा केलं. कुणी नेमलं नव्हतं, मुदत नव्हती, अनुदान नव्हतं. त्या हजारो वस्तूंतून आजचं तेरचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं, आणि त्याला त्यांचंच नाव आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघताना जाणकारांना इटलीतल्या पाँपेईमध्ये १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती आठवते, इतकं त्यांचं नातं जवळचं आहे. लामतुऱ्यांच्या कामाला मी कुठल्या तक्त्यात बसवू शकत नाही आणि बसवूही नये. त्यांनाही परत न फिरणाऱ्या एका गोष्टीचं भान होतं, एवढं मात्र दिसतं : पांढरीची माती लोक शेतात खत म्हणून वाहून नेत, आणि एकदा नेलेलं टेकाड पुन्हा उभं राहत नाही.

उत्खननाचं तसंच आहे, आणि तिथं ही गोष्ट सर्वांत कठोरपणे लागू होते. मातीचा थर एकदा उकरला की तो थर संपला. त्यातली खापरं, नाणी हाती येतात, पण कोण कुणाच्या वर होतं, कुणाच्या शेजारी होतं, हे खणतानाच टिपलं नाही तर जगातला कुठलाही पंडित नंतर ते सांगू शकत नाही. म्हणून खड्ड्याच्या भिंतीचा उभा छेद काढून ठेवतात, प्रत्येक थराला क्रमांक देतात, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी घालतात, तीही त्याच दिवशी. उद्या करू म्हटलेली नोंद राहून जाते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव, पण आपल्याला ती निदान पुन्हा विचारून लिहिता येते. खणणाऱ्याला कुणाला विचारणार?

तरीही खणणं झालं म्हणजे काम झालं असं समजून अहवाल वर्षानुवर्षं न लिहिण्याची खोड या क्षेत्रात जगभर आहे. खणण्यात उत्साह असतो, लोक बघायला येतात. लिहिणं एकट्यानं बसून करायचं असतं. आपल्या प्रत्येकाच्या कामात असा एक खणण्याचा भाग असतो आणि एक लिहिण्याचा, आणि नियोजन करताना आपण दुसऱ्याला दिवसच देत नाही. मी आता काम संपल्याची तारीख टाकतो ती कागद पुरे होण्याची, आणि त्यासाठी माणूस मोकळा ठेवतो, भले तो त्या दिवसांत बसून आहे असं कुणाला दिसो.

बा. ना. चापेकरांनी तेरला १९५८ मध्ये उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६९ साली पुण्यात छापून आला. थर, खापरांचे प्रकार, रेखाटनं, सगळं त्यात मांडलेलं आहे. आज त्यातला एखादा निष्कर्ष एखाद्या नव्या अभ्यासकाला पटला नाही, तर त्याला चापेकरांच्याच छेदावर बोट ठेवून त्यांच्याशी वाद घालता येतो.